बेल-भंडार आणि चौदा दिवसांची नोटीस

अंबडच्या कडेला, वडीगोद्रीकडं जाणाऱ्या रस्त्याला अन्नपूर्णानगर आहे. चोवीस घरं, भिंतीला भिंत लागून. प्रत्येकापुढं एक जीप उभी राहील एवढं अंगण आणि लोखंडी फाटक. सात नंबरचं घर उषाबाईचं. खरोखर तिच्याच नावावर. ड्यूटी सोडून रजिस्ट्रीच्या हापिसात खेटे घालायला सवड नव्हती, म्हणून तिच्या मालकानं, धर्मराजनं, तसं केलं होतं. धर्मराज एसटीत कंडक्टर होता, आता रिटायर होऊन घरी. उषाबाई दहावी झालेली, नऊ वर्षं एका पतसंस्थेत कारकून होती. अक्षर असं, की बघणाऱ्याला वाटावं छापलंय. म्हणून नगराची गृहनिर्माण संस्था रजिस्टर झाली तेव्हा सगळ्यांनी तिलाच सचिव केलं. त्याला बारा वर्षं झाली, पण ते काम दुसऱ्या कुणी मागितलं नाही.

संस्थेची हिरवी फाइल देवघराच्या खालच्या कप्प्यात असायची. वर देव, खाली उपविधी. उपविधी म्हणजे संस्थेचे स्वतःचे कायदे, निबंधकाच्या हापिसात शिक्का मारून घेतलेले. त्यातला एक नियम उषाबाईनंच आग्रह धरून घालून घेतला होता. संस्थेच्या हद्दीत कुणी जनावर बांधायचं नाही. पहिल्याच वर्षी एकानं दोन म्हशी आणल्या होत्या आणि सगळ्या नगरात गुडघाभर शेण झालं होतं. तेव्हा लोकांनी तिला दुवा दिली. पुढं म्हशी गेल्या, शेण गेलं, दुवाही लोक विसरले.

कुणाला कर्जासाठी ना-हरकत पाहिजे, कुणाला राहत असल्याचा दाखला पाहिजे, तेव्हा लोक सात नंबरला यायचे. चपला काढून आत यायचे, काकू काकू करायचे, कागद घेऊन जायचे. दुसऱ्या दिवशी रस्त्यात भेटले तर मान हलवायचे. उषाबाईला ते पुरत होतं. निदान गोपिकाबाई येईपर्यंत तरी पुरत होतं.

गोपिकाबाई तीन वर्षांमागं आली, अकरा नंबरला. तीर्थपुरीकडच्या एका खेड्यातली. पिढ्यान् पिढ्या मेंढरं राखलेलं घराणं. नवरा वारला, मेंढरं विकली, आणि पोरगा परमेश्वर इथं नोकरीला म्हणून त्यानं तिला आणलं. येताना तिनं दोन गोष्टी आणल्या. टोपल्यात देव, आणि दोरीला चंद्री नावाची शेळी. उषाबाई पहिल्याच दिवशी नियम दाखवायला गेली होती. गोपिकाबाईनं तिला पाटावर बसवलं, गूळपाणी दिलं आणि म्हणाली, "बाई, ही काय जनावर हाय व्हय? ही माझी सोबतीण हाय." उषाबाई गूळ खाऊन परत आली. खाल्लेल्या गुळावर नोटीस कशी काढायची? तिनं तेव्हा सोडून दिलं, आणि तिथंच चुकलं असं तिला पुढं रोज वाटायचं.

कारण संध्याकाळ झाली की नगरातल्या बाया अकरा नंबरच्या ओट्यावर जमायला लागल्या. गोपिकाबाईला वाचता येत नव्हतं, टीव्ही लावता येत नव्हता. तिला फक्त बसता येत होतं आणि ऐकता येत होतं. कुणाच्या लेकराला खोकला झाला की शेळीचं दूध, कुणाची सून रुसली की पाठीवर हात. उषाबाईचा ओटा सकाळी धुतलेला, रांगोळी काढलेला, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेला. बाया तिच्या फाटकापुढून जायच्या, "जेवण झालं का काकू?" विचारायच्या आणि उत्तराला न थांबता पुढं चालायच्या. आणि मालक! धर्मराजला जुना खोकला. तो एकदा तिकडं चहा पिऊन आला आणि म्हणाला, "शेळीच्या दुधाचा चहा हलका असतो. छातीला बरा." त्या दिवशी उषाबाईनं त्याच्या चहात आलं घातलं नाही.

ती देवाला मानणारी बाई. दुसऱ्याचं वाईट चिंतू नये हे तिला लहानपणापासून माहीत. पण हात जोडल्यावरसुद्धा तिच्या मनात यायचं, की माझ्या देवघरात एवढी स्वच्छता, रोज ताजं फूल, आणि तिच्या टोपल्यातल्या देवाला पुसायला धड फडकं नाही. तरी देव तिच्याकडंच जास्त बसतो की काय?

त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास चंद्रीला दोन करडं झाली. करडं फाटकाच्या गजांतून निसटायची. एकदा ती नऊ नंबरच्या राधेश्यामच्या अंगणात शिरली आणि त्याच्या बायकोनं लावलेली जास्वंद मुळापर्यंत खाऊन आली. राधेश्यामचं बियाण्याचं दुकान, माणूस सरळ पण तापट. त्यानं आधी परमेश्वरला सांगितलं, मग नियमच काढला. उपविधीत जनावर बांधायची मनाई आहे, आठ दिवसांत हलवा, नाहीतर मी वर अर्ज करतो. परमेश्वर भिडस्त. तो आईला म्हणाला, शेळी गावाकडं चुलत्याकडं ठेवू. गोपिकाबाई म्हणाली, ठेव, पण मंग मला बी तिच्यासंगं ठेव. गावातलं घर बंद, त्याचे पत्रे उडालेले, माणूस कुणी नाही. पण ती ऐकेना. शेळी गेली तर मी जाते, एवढंच.

नगरात हळहळ झाली. उषाबाईला मात्र बातमी ऐकून छातीवरचा दगड थोडा हलल्यासारखं झालं. तिला त्याची लाज वाटली, पण हललं हे खरं.

तेवढ्यात तिच्या लेकीचं, तृप्तीचं, भोकरदनला बाळंतपण आलं. उषाबाई तिकडं तीन आठवडे राहिली. परत आली तेव्हा बॅग खाली ठेवायच्या आत शेजारची द्वारकाबाई भिंतीवरून बोलली, "काकू, तुम्ही न्हवत्या, इकडं मोठं काम झालं. आम्ही नियम बदलला."

उषाबाईला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. कोणता नियम, कुणी बदलला, असं तिनं विचारलं. तेव्हा कळलं ते असं. चंपाषष्ठीला गोपिकाबाईच्या घरी वांग्याचं भरीत आणि भाकरी होती, सगळ्या बाया जेवायला गेल्या होत्या. तिथं कुणीतरी म्हणालं, सगळ्या घरांनी ठरवलं तर एकट्या राधेश्यामचं काय चालतंय? मग खंडोबापुढं बेलाचं पान आणि भंडार ठेवला आणि एकेकीनं उचलला. चंद्री इथंच राहील, आमच्या घराची हरकत नाही. सतरा घरांच्या बायांनी बेल-भंडार उचलला. धनगराच्या घरात उचललेला भंडार म्हणजे दगडावरची रेघ. त्याच्यापुढं कोर्ट खोटं. म्हणून बायांच्या लेखी विषय मिटला होता.

"लिहून ठेवलं कुठं?" उषाबाईनं विचारलं.

"देवाम्होरं उचलल्यावर लिहायचं कशाला?" द्वारकाबाई म्हणाली.

उषाबाई आत जाऊन बराच वेळ बॅगेवरच बसून राहिली. बारा वर्षांत तिच्याशिवाय ह्या नगरात कागदाचं पान हललं नव्हतं. आणि एका जेवणावर, हळदीच्या चिमटीवर, एका न वाचता येणाऱ्या बाईनं तिचा नियम बदलला. बदलला म्हणजे बदलला असं सगळे समजून चालले. ह्याचंच तिला जास्त लागलं. कायद्यानं तो बदललेला नाही हे सगळ्या नगरात तिला एकटीला ठाऊक होतं.

राधेश्यामलाही ठाऊक असावं. जानेवारीत सहायक निबंधकाच्या हापिसातून सचिवाच्या नावानं पत्र आलं. आपल्या संस्थेच्या उपविधीत जनावरांबाबत दुरुस्ती झाली आहे किंवा कसे, पंधरा दिवसांत कळवावे.

त्याच दुपारी उषाबाईनं उत्तर लिहिलं. अशी कोणतीही दुरुस्ती झालेली नाही. एका ओळीचं उत्तर, आणि अक्षर न् अक्षर खरं. ह्या एका ओळीनं शेळी जाणार, शेळीमागं गोपिकाबाई जाणार, आणि खोटं बोलल्याचं पापही लागणार नाही. खरं बोलून एवढा फायदा तिला आयुष्यात कधी झाला नव्हता. तिनं पत्राची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि हापिसात द्यायला निघाली.

जाताना अकरा नंबर लागतंच. ओट्यावर बाया उन्हाला बसल्या होत्या. द्वारकाबाईची पाठ रस्त्याकडं होती. ती सांगत होती, "अगं, कागदानं काय होतंय? उषाकाकूचं काम शिक्क्यापुरतं. खरं काम भंडारानं केलं."

बाकीच्यांनी उषाबाईला पाहिलं आणि माना खाली घातल्या. गोपिकाबाई तेवढी म्हणाली, "या की बाई." उषाबाई थांबली नाही. कोपऱ्यापर्यंत गेली, आणि तिथून मागं वळून घरी आली. गोपिकाबाईच्या भंडारानं झालं काय? मग बघू दे सगळ्यांना, शिक्क्यानं काय होतं ते. तिनं पर्समधलं पत्र फाडलं आणि नवं लिहिलं. अद्याप दुरुस्ती झालेली नाही. त्यासाठी विशेष सर्वसाधारण सभा बोलावण्यात येत आहे.

दुसऱ्या दिवशी गोपिकाबाई स्वतः आली. फाटकाशीच उभी राहून विचारायला लागली, की हापिसातून कागद आलाय म्हणतात, मंग आता काय करायचं? उषाबाईनं तिला आत बोलावलं, पण पाणी दिलं नाही. तिनं सांगितलं, की आधी कार्यकारिणीत ठरवावं लागतं. मग नोटीस काढायची, तिच्यात नव्या नियमाचा मसुदा शब्द न् शब्द द्यायचा, आणि सभेआधी पुरे चौदा दिवस सोडायचे. मत देणार तो ज्याच्या नावानं घर आहे तो. सासू, सून, आई कुणी चालत नाही. मत देणाऱ्यांतल्या तिघांतल्या दोघांचा होकार पाहिजे. त्याच्यानंतर सगळा कागद निबंधकाकडं, आणि तिथं शिक्का बसला की त्या दिवसापासून नियम. त्याच्या आधी नाही.

गोपिकाबाईनं सगळं ऐकलं. मग हळूच म्हणाली, "म्हंजे देवाम्होरं उचललेला भंडार वाया गेला?"

हो म्हणायला उषाबाईची जीभ शिवशिवत होती. पण पाठीमागं देवघर होतं, समई चालू होती. "देवाचं देवाकडं हाय," ती म्हणाली. "हे सरकारचं हाय. ते मी करते."

"तुम्ही कराल तर बराबरच होईल," गोपिकाबाई म्हणाली आणि निघून गेली. तिनं ते मनापासून म्हटलं होतं, आणि उषाबाईला त्याचाच राग आला.

मसुदा लिहायला तिला तीन दिवस लागले. प्रत्येक सभासदास स्वतःच्या अंगणात, फाटक बंद ठेवून आणि स्वच्छता राखण्याच्या अटीवर, जास्तीत जास्त दोन शेळ्या बाळगता येतील. गाय, म्हैस वा अन्य जनावर बाळगता येणार नाही. 'दोन' लिहिताना पेन जरा अडलं. चंद्री आणि दोन करडं, म्हणजे तीन. तीन लिहिलं तर लोक बिचकतील, दोनवर मंजूर होईल, असं तिनं स्वतःला समजावलं. ते खरंही होतं. पण दोन लिहून झाल्यावर जिभेवर जे गोड आलं ते कशाचं, हे तिनं स्वतःला विचारलं नाही.

अध्यक्ष रामप्रसाद, निवृत्त तलाठी. ती म्हणेल तिथं सही करायचा, आताही केली. मग उषाबाई नोटिसा आणि पोचवही घेऊन घरोघर निघाली. नोटीस मिळाल्याची सही घेतल्याशिवाय पान पुढं हलणार नाही, हे तिला पक्कं माहीत. पण कित्येक घरांत ती वर्षानुवर्षं आत गेलीच नव्हती. लोकच यायचे ना तिच्याकडं. आणि जिथं जावं तिथं गोपिकाबाई तिच्याआधी येऊन गेलेली. एका घरात ओट्यावर तिचा पितळी तांब्या. एका घरात बाळाच्या कपाळाला भंडार. पंधरा नंबरची सून चार महिन्यांची गरोदर, हे उषाबाईला सही घेताना कळलं; गोपिकाबाईला पहिल्या महिन्यात कळलेलं. भिंतीला भिंत असलेल्या द्वारकाबाईचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, हेही तिला माहीत नव्हतं. "तुम्हाला कशाला तरास द्यायचा, काकू," द्वारकाबाई म्हणाली. तेवीस सह्या झाल्या. चोविसावी तिची स्वतःची. घरी येऊन तिनं वही टेबलावर टाकली तेव्हा धर्मराज म्हणाला, "किती वर्षांनी हिंडलीस."

सभा फेब्रुवारीतल्या एका रविवारी, नगराच्या मोकळ्या जागेत, मांडवाच्या कापडाखाली. एकवीस सभासद आले. गणपूर्ती झाली. आता खरी गंमत पुढं आली, की भंडार उचलला होता बायांनी आणि बरीच घरं होती पुरुषांच्या नावावर. त्यांनी कुठं काय उचललं होतं? राधेश्याम उठून शांतपणे बोलला. तो म्हणाला, माझं गोपिकामायशी वैर न्हाई, पण आज शेळी, उद्या दुसरा कोंबड्या म्हणेल. मंग आपण इथं घरं कशाला घेतली? दोघातिघांनी माना डोलावल्या. त्यांच्या बायका मांडवाबाहेर उभ्या होत्या, त्यांच्या नजरा नवऱ्यांच्या मानेवर. गोपिकाबाई सभासद नाही. ती लांब, पाण्याच्या टाकीच्या पायरीवर बसली होती.

हात वर झाले. उषाबाईनं उभं राहून मोजले. बाजूनं तेरा. विरुद्ध सात.

तिनं पेन वहीवर टेकवलं. तेरा आणि सात वीस. विसातले तिघांतले दोघे म्हणजे तेरावर थोडं जास्तच. तेरांनी भागत नव्हतं. नियम पडला होता. आणि तिनं स्वतः मत दिलंच नव्हतं, हे कुणाच्या लक्षातही नव्हतं. मोजणाऱ्या माणसाला कोण मोजतंय? ती तशीच बसली असती तर कुणी बोट दाखवलं नसतं. एवढ्या मेहनतीनं नोटिसा वाटणारी बाई, तिचं नाव कोण घेणार होतं?

उषाबाईनं टाकीकडं पाहिलं. गोपिकाबाई उठून जाईल. उद्या परवा गाडी येईल, शेळी चढेल, टोपलं चढेल. आणि अकरा नंबरचा ओटा रिकामा होईल. पण त्या ओट्यावरच्या बाया सात नंबरला येतील का? न्हाई येणार. त्या रिकाम्या ओट्याकडं बघून रडतील. दर चंपाषष्ठीला आठवण काढतील. धर्मराज प्रत्येक चहाला सांगेल. समोर असलेल्या बाईशी माणूस बरोबरी करू शकतं. गेलेल्या बाईशी कोण करणार? ती तर दिवसेंदिवस मोठीच होत जाणार.

उषाबाईनं पेन असलेला हात वर केला. "सचिवाचं मत राह्यलंय," ती म्हणाली. "बाजूनं."

राधेश्यामनं विचारलं, की सचिवाचं मत धरतात का?

"घर नंबर सात माझ्या नावावर हाय, भाऊ. रजिस्ट्री दाखवू?"

एकवीसचे तीन भाग, त्यातले दोन भाग बराबर चौदा. राधेश्यामनं बोटांवर हिशेब केला आणि खाली बसला.

बाकी कागदाचं काम तिनं एकटीनं केलं. सभेचं इतिवृत्त, ठरावाच्या प्रती, जुना नियम आणि नवा नियम शेजारी शेजारी, चोवीस सह्यांची पोच, हे सगळं दोन महिन्यांच्या मुदतीच्या आत हापिसात दिलं. हापिसानं पोचवही मागितली, ती होती. वैशाखात मंजुरीचं पत्र आलं, गोल शिक्क्याचं.

गोपिकाबाईच्या ओट्यावर ते तिनं उभ्यानं वाचून दाखवलं. वाचून संपतंय तोवर द्वारकाबाईनं भंडाराची मूठ उधळली. खंडोबा पावला, असं सगळ्याजणी म्हणायला लागल्या. पत्रावर पिवळं पडलं, ते उषाबाईनं पदरानं पुसलं. तिचं नाव कुणी घेतलं नाही.

गोपिकाबाईनं मात्र पुन्हा वाचायला सांगितलं, हळू. 'दोन शेळ्या'शी तिनं थांबवलं. "दोनच?"

"दोनच," उषाबाई म्हणाली.

अंगणात चंद्री आणि तिच्यामागं तिच्याएवढी होत आलेली दोन करडं सगळ्यांना दिसत होती. गोपिकाबाईनं त्यांच्याकडं पाहिलं, मग उषाबाईच्या तोंडाकडं पाहिलं, बराच वेळ. उषाबाईला वाटलं हिला सगळं कळलं. मग तिला वाटलं काहीच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक वाजलं. गोपिकाबाई दोरी धरून उभी, दोरीला काळं-पांढरं करडू. "बाई, एका घराला दोन ना? तुमच्या घराला तर एक बी न्हाई," ती म्हणाली. "हिला तुमच्याकडं ठिवा. कायद्यात बसतं."

तिच्या बोलण्यात टोमणा होता की भोळेपणा, हे उषाबाईला त्या दिवशीही ओळखता आलं नाही आणि पुढंही कधी आलं नाही. ती नको म्हणणार होती. पण तोवर धर्मराज पायात चप्पल न घालता अंगणात आला, दोरी हातात घेतली आणि करडाच्या पाठीवरून हात फिरवायला लागला. नियम तिचाच. आपल्याच नियमाला नाही कसं म्हणणार?

धर्मराजनं फाटकाजवळ खुंटी ठोकली. उषाबाईनं लिंबाचा पाला आणून पुढं धरला. करडानं तिच्या हातातून पाला ओढला, कुरकुर चावला, चांगला खाल्ला. पण खाताना त्याचं तोंड सारखं अकरा नंबरकडं. तिथून चंद्री ओरडली की हे इकडून ओरडायचं. उषाबाईनं त्याची मान धरून आपल्याकडं वळवली. सोडली की पुन्हा तिकडं.

तिनं पाल्याची डहाळी खाली ठेवली, खुंटी हलवून हलवून उपटली, आणि करडाला घरातूनच ओढत मागच्या मोकळ्या पट्टीत नेलं. तिथून गोपिकाबाईचं दार दिसत नाही.